हरणांचा वांटा

खळ्यावर रास पडली कीं तिचे वांटे पडूं लागत, हें आम्हीं लहानपणीं पाहिलेलें आहे. सुताराचा वांटा, लोहाराचा वांटा, देवाच्या नांवानें काढलेली पायली, आणि अखेरीस खळें झाडतांना मातींत राहिलेले दाणे चिमण्या-होल्यांचे. हा शेवटला वांटा कोणी मोजीत नसे. पण तो द्यावयाचा नाहीं असेंही कोणी म्हणत नसे. तथापि सबंध शेत एखाद्या रानांतल्या जनावरासाठींच नांगरावें, त्याच्या जिभेला रुचेल तेंच बीं आणून पेरावें, त्यास खत घालावें, आणि तें जनावर विश्वासानें चरावयास आलें म्हणजे मचाणावरून त्यावर गोळी झाडावी, असा कृषिकर्माचा प्रकार आमच्या ऐकण्यांत कधीं आला नव्हता. तो आम्हांस आमच्या भाच्यानें ऐकविला, आणि तेव्हांपासून तो विषय आमच्या डोक्यांतून गेलेला नाहीं.

हा भाचा म्हणजे आमच्या वडील बहिणीचा, आक्काचा, एकुलता एक मुलगा. यंत्रविद्येची पदवी घेऊन तो अमेरिकेंत गेला आणि तेथील विस्कॉन्सिन राज्यांत स्थायिक झाला. दोन वर्षांपूर्वीं मे महिन्यांत तो रजेवर आला, तेव्हां आक्काही येवल्याकडून आमच्या सिन्नरच्या घरीं येऊन राहिली होती. आक्काचें शेत येवलें तालुक्याच्या ईशान्येच्या टोकास, ममदापूर-राजापूरच्या बाजूला आहे. यजमान गेल्यापासून तें ती एकटी, सालदाराच्या मदतीनें, करून घेते. हें येथें मुद्दाम सांगितलें, कारण पुढील सगळा वाद मायलेकांच्या शेतांमधला आहे. आम्ही केवळ मध्यें बसलेलों.

भाच्यानें शहराबाहेर बारा एकर रान विकत घेतलें होतें, आणि शेजाऱ्यांच्या संगतीनें त्याला शिकारीचा नाद लागला होता. रानांत हरणें होतीं, पण तीं याच्या हद्दींत थांबत ना. पलीकडच्या मक्याच्या शेतांत जात. तेव्हां त्यानें रानामधील अर्धा एकर जागा मोकळी करून हरणांसाठीं पहिलें शेत पेरावयाचें ठरविलें. त्याची हकीकत तो सांगूं लागला, आणि ज्या मुलानें आक्काच्या हातांतील खुरपें कधीं धरलें नाहीं, त्याच्या तोंडून इतकी बारकाईची शेतकी ऐकून आम्ही थक्क झालों. प्रथम त्यानें मातीचा नमुना तपासण्यास धाडला. झाडांच्या पाल्याखालची ती माती आंबट निघाली. आमच्या नाशिक जिल्ह्याच्या पूर्वभागांत चुनखडीनें शेतकरी कावलेला असतो; तिकडे या गृहस्थानें पैसे मोजून चुनखडीची भुकटी आणली आणि पोतींच्या पोतीं शेतांत पसरली. नंतर तण मारलें, ढेकळें फोडलीं, जमीन सारखी केली. बीं निवडलें तें क्लोव्हर नांवाच्या तिपानी गवताचें. हें आपल्या मेथीच्या व लसूणघासाच्या जातकुळीचें, मुळांवरच्या गांठींतून हवेंतला नत्र जमिनींत आणणारें. बीं इतकें बारीक कीं खोल गेलें तर वर यावयाचें नाहीं. म्हणून तें हातानें फेंकून नुसतें दाबून घ्यावयाचें. क्लोव्हर सावकाश वाढतें, यास्तव त्याच्या जोडीला ओट. तो आठ-दहा दिवसांत वर येतो, कोंवळ्या क्लोव्हरवर सावली धरतो आणि हरणांना पहिला चारा देतो. एका कडेला सलगम पेरला. त्याचा पाला कडाक्याची थंडी पडल्यावर गोड होतो, आणि इतर हिरवें करपलें कीं हरणें त्याकडे वळतात. पेरणी ऑगस्टच्या अखेरीस, पावसाचा अंदाज पाहून. बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम नोव्हेंबरांत.

एवढ्यावर थांबता तर आम्हीं त्याला शाबासकी दिली असती. परंतु पुढें तो शेताच्या आकाराविषयीं बोलूं लागला. शेत चौकोनी नव्हे, लांबट असावें, म्हणजे जनावर आडवें उभें राहतें. वारा बहुधा कोणत्या दिशेनें वाहतो तें पाहून मचाण दुसऱ्या अंगास बांधावें, म्हणजे माणसाचा वास हरणाला जात नाहीं. जनावर दाट झाडींतून अगदीं एकदम उघड्यावर येत नाहीं, म्हणून कडेला झुडपें राखावीं. थोडक्यांत, वाफ्याची रुंदी, झुडपांची रांग आणि बियांची निवड ही सर्व मांडणी बंदुकीच्या टप्प्याशीं जुळवून केलेली! ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यांतून रोज रात्रीं कोण येऊन गेलें तें तो पाहत असे. दोन पाडसें घेऊन येणारी एक मादी त्याच्या ओळखीची झाली. एक कान फाटलेला नर असे. हंगामाच्या तिसऱ्या दिवशीं त्यानें त्या नराला मारलें, आणि त्याचें मांस घरीं हिवाळाभर पुरलें.

आक्का सुपांत तांदूळ घेऊन निवडीत बसली होती. ती म्हणाली, "तुझ्या हातचं खायला आलं होतं ना रे ते?"

"आई, तिकडे हरणं फार झाली आहेत. नाही मारलं तर गाडीखाली मरतं, नाही तर बर्फात उपाशी मरतं."

"ते मरेल. पण तू त्याला बोलावलं होतंस."

भाच्यानें आमच्याकडे पाहिलें. आपला मामा शिकला-सवरलेला आहे, तो तरी बाजू घेईल, अशी त्याची अपेक्षा असावी. आणि खरें सांगावयाचें तर त्याची बाजू घेण्याजोगी होतीही. १९०० सालच्या सुमारास बाजारी शिकाऱ्यांनीं अमेरिकेंतील पांढऱ्या शेपटीचीं हरणें इतकीं मारलीं होतीं कीं त्या अफाट देशांत तीं जेमतेम पांच लाखांच्या आसपास उरलीं. आज तीं सुमारें तीन कोटी आहेत. १९०० चा लेसी कायदा झाला, त्यानें चोरून मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतील व्यापार बंद झाला. आणि १९३७ मध्यें पिटमन-रॉबर्टसन कायदा होऊन बंदुका व काडतुसें यांवरील कराचा पैसा वन्य जनावरांच्या संवर्धनाकडे वळला. म्हणजे मारणारानेंच राखणाराचा पगार भरावा अशी ही व्यवस्था. ती आम्हांस रुचो वा न रुचो, तिनें हरणें वाढलीं हें नाकारतां येत नाहीं. विस्कॉन्सिनच्याच विश्वविद्यालयांत १९३३ पासून आल्डो लिओपोल्ड नांवाचे प्राध्यापक होते. त्यांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत रानांतलीं जनावरें हें एक पीकच आहे, आणि चारा व आडोसा यांची नीट जोपासना केली तर तें वाढवितां येतें, असा विचार मांडला. आमचा भाचा लिओपोल्डचें नांव जाणत नव्हता. पण चालत होता त्याच वाटेनें. तेथील कायदाही मोठा सूक्ष्म आहे. २००२ मध्यें त्या राज्यांत हरणांच्या मेंदूला पोखरणारा एक असाध्य रोग आढळला. मक्याच्या ढिगाभोंवतीं हरणें तोंडाला तोंड लावून खातात आणि रोग पसरतो, म्हणून रोगाच्या टापूंत असा ढीग घालणें निषिद्ध झालें. परंतु जमिनींत उगवलेलें पीक मात्र चालतें. ढीग तें आमिष, आणि उभें शेत ती शेती!

आम्ही हें सगळें आक्काला समजावून सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "हा पेरतो नि वाट बघतो. मी पेरते नि हाकलते. तुम्ही मला तिकडच्या कायद्याचं सांगू नका."

आमचा धंदा पुस्तकांचा. असा पेंच पडला कीं आम्ही पुस्तकांकडे धांव घेतों. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राजाच्या करमणुकीसाठीं राखलेल्या मृगवनाचें वर्णन आहे. भोंवतीं खंदक, आंत शिरण्यास एकच दार, गोड फळांचीं झुडपें, कांटे नसलेलीं झाडें, उथळ पाणी, माणसाळलेलीं जनावरें, आणि हिंस्र पशू ठेवावयाचे तर त्यांचे दांत व नखें काढून. भाच्याचें अर्धा एकर पाहून कौटिल्यानें मान डोलाविली असती. कालिदासाकडे वळलों तर चित्र उलटें. रघुवंशाच्या आरंभीं वसिष्ठाच्या आश्रमांत संध्याकाळीं हरणें पर्णकुटींचीं दारें अडवून उभीं असतात, कारण देवभाताच्या दाण्यांतला आपला वांटा त्यांना लेंकरांसारखा रोज मिळत आलेला आहे. कालिदासानेंही तेथें वांटाच म्हटलें आहे हें पाहून आम्हांस आक्काच्या खळ्याची आठवण झाली. शाकुंतलांत दुष्यन्त धनुष्य ओढून हरणामागें धांवत येतो, आणि तपस्वी मध्यें पडून म्हणतो कीं हें आश्रमाचें हरिण आहे, मारूं नका. चौथ्या अंकांत शकुंतला निघते तेव्हां तिच्या वस्त्राला जो बिलगतो तो पाडस तिनें मूठ मूठ सांवा भरवून वाढविलेला असतो. भरविणारी शकुंतला एक आणि बाण लावणारा दुष्यन्त दुसरा, म्हणून तें नाटक. आमच्या भाच्याच्या शेतांत मूठही त्याचीच आणि बाणही त्याचाच. शेक्सपियरच्या आर्डन वनांतील हद्दपार झालेला ड्यूक शिकारीला निघतो तेव्हां त्यालाही क्षणभर वाटतें कीं या रानाचे रहिवासी हीं हरणें, आणि त्यांच्या घरांत शिरून आपण त्यांस मारतों आहों. पण भूक लागलेली असते, शिकार होतेच.

आमच्या देशांत असें शेत पेरून शिकार कोणी केली असेल काय? अगदीं नेमकें तसें नाहीं. परंतु फार जवळचें उदाहरण भावनगरचें आहे. तेथील महाराजांनीं वेळावदरचें विस्तीर्ण गवताळ रान राखून ठेविलें होतें, त्यावर काळवीट पोसले जात, आणि पाळलेले चित्ते सोडून त्यांची पारध होई. आमच्या कोल्हापुरासही चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविण्याचा शोक होता. भारतांतून चित्ता नामशेष झाल्याचें १९५२ मध्यें जाहीर झालें; संस्थानें गेलीं; आणि १९७६ मध्यें वेळावदरचें तेंच रान काळविटांचें राष्ट्रीय उद्यान झालें. शिकाऱ्यानें राखलें म्हणून उरलें, ही गोष्ट अहिंसेच्या अभिमान्यांस कडू लागेल, पण ती खरी आहे. आमच्या मनांत दुसरेंच शल्य आहे. त्याच काळांत आमच्या माळरानांवर फासेपारधी फिरत. शिकविलेल्या बैलाच्या आडोशानें हरणाजवळ जाणें आणि वाटेंत फांसे मांडणें ही त्यांची विद्या होती, व तीवर त्यांचें पोट चाले. हरणांचें संरक्षण सुरूं झालें तेव्हां महाराजांचें कुरण उद्यान झालें आणि पारध्याची विद्या गुन्हा झाली. त्याच्या पोटाचें काय, हें विचारावयाचें राहूनच गेलें.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा याविषयीं नि:संदिग्ध आहे. काळवीट आणि चिंकारा दोन्ही त्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत, आणि शिकार या शब्दाच्या व्याख्येंत मारणें, पकडणें, फांसे लावणें, हांका घालणें यांच्या पंक्तीस आमिष दाखविणेंही बसविलें आहे. भाच्यानें आपलें अर्धा एकर येथें त्याच हेतूनें पेरलें असतें, तर बंदुकीला हात लागण्यापूर्वींच तो शिकारी ठरला असता. विस्कॉन्सिनमध्यें ज्यास शेती म्हणतात त्यास येथें शिकार म्हणतात. (प्राध्यापकी खोड म्हणून येथेंच सांगून टाकतों कीं काळवीट व चिंकारा हीं शास्त्रदृष्ट्या विस्कॉन्सिनच्या हरणांच्या कुळांतलीं नव्हत. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगें दरवर्षीं गळतात व नवीं येतात. काळविटाचीं पीळदार शिंगें जन्मभराचीं. पण मराठीनें सर्वांस हरिण म्हटलें, आणि पीक खातांना तींही हा भेद पाळीत नाहींत.)

कायदा मारूं नका म्हणतो, तें योग्यच आहे. परंतु तें हरिण खातें कोणाचें? नॉर्मन राजांच्या इंग्लंडांत हरणें राजाचीं असत. तीं शेतकऱ्याच्या पिकांत शिरलीं तर त्यानें त्यांना इजा करावयाची नाहीं, राजाच्या वनाच्या हद्दींत मनाप्रमाणें कुंपणही घालावयाचें नाहीं, असा जुलूम होता. तो सैल व्हावयास १२१७ ची वनांची सनद यावी लागली. आमचें सरकार नॉर्मन नव्हे. नुकसानीचा पंचनामा करून भरपाई देण्याची सोय त्यानें केली आहे. आक्कानें एके वर्षीं अर्जही केला होता. पंचनाम्याच्या आदल्या रात्रीं असा पाऊस कोसळला कीं खुरांचे ठसे वाहून गेले, आणि कुरतडलेला मूग कोणीं कुरतडला हें सांगण्यास शेतांत फक्त आक्का उरली.

भाच्याला घेऊन आम्ही जूनच्या आरंभीं वावी, कोपरगांव, येवलें या वाटेनें आक्काच्या शेतावर गेलों. सिन्नरहून निघालें कीं डोंगर मागें पडतात आणि पाऊस कमी कमी होत गेल्याचें जमिनीच्या रंगावरून कळतें. ममदापूर भागांतील ५४.४६ चौरस किलोमीटर क्षेत्र २०१४ मध्यें संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालें, तें मुख्यतः काळविटांसाठीं. वनखात्यानें पाणवठे बांधले आहेत. पण हरणाला पाटी वाचतां येत नाहीं. राखीव रान उन्हाळ्यांत पिंवळें पडलें कीं जेथें हिरवें असेल तेथें तीं जातात. विहिरींत पडतात, रस्त्यावर गाडीखालीं सांपडतात, कुत्र्यांच्या तावडींत सांपडतात. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील रेहेकुरीचें काळवीट अभयारण्य १९८० चें, आणि क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. तेथेंही कळप वाढले कीं बाहेरच्या शेतांत उतरतात. काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी. त्याला दाट झाडी नको, गवत हवें. आणि आमच्याकडे माळ दिसला कीं त्यास पडीक म्हणावयाचें आणि झाडें लावून पुण्य जोडावयाचें, ही चाल पडली आहे. मारवेल, पवना, कुसळी यांचें रान जितकें आटलें तितकीं हरणें मुगांत आणि हरभऱ्यांत आलीं.

शेताच्या तिन्ही बाजूंस आक्कानें जुनीं लुगडीं आणि साड्या बांधल्या होत्या. वाऱ्यावर त्या फडफडतात, हरणें बिचकतात. आठ दिवसांनीं बिचकत नाहींत. मग पत्र्याचा डबा, मग गोफण, मग माळ्यावर रात्रभर जागल. मूग आणि मका कोंवळा असतांना सालदार एक प्रहर जागे आणि आक्का दुसरा. साठी उलटलेली ती बाई रात्रीं दोन वाजतां डबा बडवीत बांधावरून फिरते, हें भाच्याला ठाऊक नव्हतें. तिनेंच कळविलें नव्हतें.

तो बराच वेळ शेत पाहत उभा राहिला. मग त्यानें चालत चालत उत्तरेच्या बांधापलीकडची मुरमाड पट्टी पावलांनीं मोजली. अर्ध्या एकराहून थोडी कमी भरली. त्या पट्टींत कधीं कांहीं पिकलें नव्हतें. तो म्हणाला, "आई, इथे गवत पेरू. हरणांसाठीच. मारवेल नि पवना. मुगाच्या आधी त्यांना हे लागेल."

"नि गवत खाऊन मूग नाही खाणार?"

"खातील. कदाचित कमी खातील."

"तू वाट बघायला इथे नसशील."

या वाक्याचा त्याला राग आला नाहीं. पण उत्तरही त्यानें दिलें नाहीं. पहिला पाऊस पडल्यावर दोन दिवसांत त्यानें वखर घालून पट्टी मोकळी केली, आम्हीं नाशिकाहून मारवेलीचीं ठोंबें आणविलीं, पवन्याचें बीं सालदारानें कोठूनसें मिळविलें, आणि तिघांनीं मिळून तें लाविलें. शेताचा आकार या वेळीं जमिनीनें दिला तोच ठेविला. वारा कोणत्या दिशेचा, हें कोणीं पाहिलें नाहीं. चौथ्या दिवशीं भाच्याचें विमान होतें.

पहिल्या वर्षीं गवत विरळच आलें; मुरमांत त्याहून अधिक अपेक्षा नव्हतीच. दुसऱ्या वर्षीं ठोंबें भरलीं. हरणें पट्टींत येतात, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे: तांबूस माद्या पुढें, आणि एक काळाभोर नर मान वर करून मागें उभा. मुगाचें नुकसान कमी झालें कीं नाहीं, हें विचारलें तर आक्का सरळ उत्तर देत नाहीं. दोन्ही सालीं पाऊस वेगळा, मुगाचा भाव वेगळा, आणि मोजमाप करणार कोण! एवढें खरें कीं उत्तरेच्या बाजूस तिनें नव्या साड्या बांधल्या नाहींत, आणि जागलीच्या रात्रीं ती डबा दक्षिणेकडेच वाजविते. आश्विनांत तिनें पट्टींतलें निम्में गवत कापून गाईला घातलें, निम्में उभें ठेविलें.

भाच्यानें मध्यंतरी विस्कॉन्सिनमध्यें आपल्या शेतांत पुन्हां क्लोव्हर पेरलें. तिकडच्या हंगामांत तो मचाणावर बसला किंवा नाहीं, हें त्यानें सांगितलें नाहीं आणि आक्कानें विचारलें नाहीं. मागें फोनवर त्यानें तिला एक कॅमेरा पाठवितों म्हणून सांगितलें, म्हणजे उत्तरेच्या बांधावर रात्रीं कोण येतें तें तिला घरबसल्या दिसेल. आक्का म्हणाली, "पाठव नको. कोण येतं ते मला सकाळी मातीवर दिसतं. पवन्याचं बी मिळतं का बघ. दुसऱ्या बांधालाही थोडी जागा आहे."